बसून जेवणारा

डुकराच्या मागच्या डाव्या पायाला, खुराच्या जरा वर, दोराचा वळ होता. कोरागोसने तो पाहिला तेव्हा भाला आत जाऊन बसला होता, डुक्कर कुशीवर कोसळलं होतं आणि भोवती हेलिमा राज्याचे सगळे सरदार घसा फोडून ओरडत होते. वळाच्या जागचे केस घासून गेलेले, कातडी लाल, एका ठिकाणी ओली. जनावर बराच वेळ बांधून ठेवलं, त्याने सुटायची धडपड केली, की पडतो तसा वळ. कोरागोस मान वर करणार तेवढ्यात एक पाऊल पुढे आलं आणि अलगद त्या वळावर ठेवलं गेलं. पाऊल सेनापती मखातासचं होतं. मखातास हसत होता, आणि त्याचं हसू नेहमीसारखं मायाळू होतं, धाकट्या भावाचं लग्न लागल्यावर थोरला हसतो तसं. "झालं एकदाचं, धाकले राजे!" असं म्हणून त्याने कोरागोसच्या पाठीवर थाप मारली, पण थाप मारतानाही पाऊल हलवलं नाही. दोघांची नजरानजर झाली. मग लोकांनी कोरागोसला खांद्यावर घेतलं, आणि वरून त्याला एवढंच दिसलं की मखातास खाली वाकला आहे आणि सुऱ्याने डुकराचा मागचा पाय गुडघ्यापासून वेगळा करतो आहे.

परतीच्या वाटेवर त्याचा घोडा सगळ्यांच्या पुढे होता. असं कधी झालं नव्हतं. शिकारीहून परतताना तो नेहमी मागे असायचा, खेचरांबरोबर, जाळी वाहणाऱ्यांशी गप्पा मारत. आज मखातासने स्वतः त्याच्या घोड्याचा लगाम धरून त्याला पुढे आणलं होतं. हातांना रक्ताचा वास येत होता, आंबूस, गंजलेल्या लोखंडासारखा. इतकी वर्षं तो ह्या वासाची वाट पाहत आला होता. दुसऱ्यांच्या हातांना तो हुंगलाही होता, चोरून, त्यांच्या हातावर पाणी घालता घालता. हा वास आपल्या हाताला लागेल त्या दिवशी आपली छाती भरून येईल अशी त्याने स्वतःची समजूत करून ठेवली होती. आणि आज छातीत काही नव्हतं. मन त्या ओल्या वळापाशी जाऊन बसलं होतं आणि तिथून उठायला तयार नव्हतं. आता त्याला सगळं नीट आठवत होतं. डुक्कर झुडपातून बाहेर आलं ते पळत आलं नव्हतं, चालत आलं होतं. पायाला मुंग्या आलेला माणूस पाय झटकतो तसा मागचा पाय झटकत. मग त्याच्यासमोर येऊन थबकलं होतं. तेव्हा त्याला वाटलं, आपल्या नजरेच्या धाकाने थबकलं! ह्या विचाराची त्याला आता इतकी लाज वाटली की घोड्यावर बसल्या बसल्या त्याचे कान तापले. चाळिशी उलटलेला माणूस, अर्धं डोकं पांढरं झालेलं, आणि एका बांधून सोडलेल्या, भेदरलेल्या जनावरासमोर उभं राहून त्याला आपण शूर असल्याचं वाटलं होतं.

वेशीतून आत आल्यावर बातमी त्याच्या पुढे धावत गेली. कातडी कमावणाऱ्यांच्या गल्लीत माणसं उंबऱ्यांवर उभी राहिली होती. ह्याच गल्लीत त्याला तिवईवाला म्हणत असत, तोंडावर नाही, पण त्याच्या कानावर जाईल इतक्या हळू. ज्याने जाळं न लावता रानडुक्कर मारलं नाही त्याने राजाच्या पंगतीत मंचकावर आडवं व्हायचं नाही, पोराटोरांसारखं तिवईवर बसून जेवायचं, हा हेलिमाचा रिवाज. पोरं पाच-सात वर्षं तिवईवर बसत, मग एखाद्या हिवाळ्यात त्यांचं डुक्कर त्यांना मिळे आणि ती मंचकावर जात. कोरागोसच्या शेजारची तिवई किती वेळा रिकामी झाली आणि किती वेळा नव्या पोराने भरली ह्याचा हिशेब त्याने केव्हाच सोडला होता. आज गल्लीतली तीच माणसं हात वर करून 'महाराज' म्हणत होती. तळ्याकाठची वामवाली मात्र जागची उठली नाही. तिने टोपलीतली एक लांबलचक वाम मासळी उचलून दाखवली आणि ओरडली, "धाकले, आता आमची वाम खायची बंद होणार म्हणा की! पडल्या पडल्या खाल तर काटा घशात जाईल हो. ही बसूनच खायची चीज!" लोक फिदीफिदी हसले. मखातासही हसला. कोरागोसलाही हसू आलं, आणि सकाळपासून पहिल्यांदाच त्याला जरा बरं वाटलं.

वाड्याच्या पायऱ्यांशी मखातासने त्याला घोड्यावरून उतरवून घेतलं. उतरवता उतरवता, लहान मुलाच्या कानात गुपित सांगावं तसं, तो हळूच म्हणाला, "काळजी करू नका. पाय तळ्यात टाकून दिलाय. दोर तेवढा मी जपून ठेवलाय." आणि पुन्हा तेच मायाळू हसू. ह्या माणसाचा राग तरी कसा करावा? त्याचा बाप मेंढ्या राखायचा. हा स्वतः तीन लढायांत पायदळाच्या पहिल्या रांगेत उभा राहून वर आला होता, आणि सैन्य त्याच्या एका शब्दावर मरायला तयार होतं. राजा व्हायला मात्र रक्त लागतं आणि ते त्याच्याकडे नव्हतं. रक्त आता एकाच माणसात उरलं होतं. थोरला भाऊ थेरिमाखोस, हेलिमाचा राजा, बरगडीत बाणाचं टोक राहून, ताप चढून, मूलबाळ मागे न ठेवता गेला होता आणि वाड्याखालच्या गार तळघरात मधात माखलेला पडून होता. उद्या सकाळी त्याची चिता. आधीच्या राजाची चिता जो पेटवतो तो पुढचा राजा. आणि बसून जेवणाऱ्याच्या हातात सैन्य मशाल देत नाही. म्हणून आजची शिकार. म्हणून तो दोर. म्हणून तो जपूनही ठेवायचा. उद्या राजा झाल्यावर कोरागोसने कशाला नाही म्हटलं, की मखातास दोर काढून सैन्यापुढे धरणार. बहुधा काढावाही लागणार नाही. नुसतं हसला तरी पुरे.

बहीण एरिगोना त्याच्या खोलीत आधीच येऊन बसली होती. नवऱ्याच्या मागे माहेरी परत आलेली, दोघा भावांहून मोठी, आणि वाड्यात तिच्या जिभेला सगळे टरकून असत. तिने कोरागोससाठी किरमिजी अंगरखा काढून ठेवला होता आणि त्याच्या काठाचा एक धागा दातांनी तोडत होती. "ये रे माझ्या शिकाऱ्या," ती म्हणाली, "हात धू आधी, मग मिठी मारते. शी! काय तो वास!" त्याने हात पुढे केले. तिने पाणी घातलं. पाणी लाल झालं, मग गुलाबी. तो म्हणाला, "ताई, डुक्कर बांधलेलं होतं." तिचा हात थांबला नाही. "मागच्या पायाला वळ होता," तो म्हणाला, "मखातासने त्यावर पाय ठेवला. दोर त्याच्यापाशी आहे." ती म्हणाली, "मग? मेलं ना डुक्कर? भाला कोणी मारला, तूच ना? का तोही दुसऱ्याने?" त्याने ओले हात तसेच पुढे धरून ठेवले. तेव्हा तिने तांब्या खाली ठेवला आणि पदराच्या टोकाने त्याचे हात पुसले, लहानपणी पुसायची तसे, एकेक बोट वेगळं करून. "हे बघ कोरा," ती म्हणाली, "तू गप्प बसलास तर उद्या तू राजा, आणि सगळं मखातास ठरवणार. तू तोंड उघडलंस तर उद्या तू कोणी नाहीस, आणि तरीही सगळं मखातासच ठरवणार. मग निदान मंचकावर तरी पड ना बाबा! इतकी वर्षं त्या तिवईवर बसून ढुंगणाला घट्टे पडले तुझ्या."

तो हसला, पण ते हसू फार टिकलं नाही. कारण ती खरं बोलत होती आणि तिला सगळं माहीत होतं. त्याला तो मंचक हवा होता. ही गोष्ट त्याने कोणाला सांगितली नव्हती, पण ह्याच खोलीत, दाराला अडसर लावून, तो कितीदा तरी डाव्या कोपरावर रेलून पडला होता. उशी कोपराखाली कुठे हवी, उजवा गुडघा किती दुमडायचा, पडल्या पडल्या पेला कसा कलता धरायचा म्हणजे दारू मानेवर ओघळत नाही, ह्या सगळ्याचा त्याने एकट्याने सराव केला होता, आणि एकदा एरिगोना भिंतीपलीकडून ओरडली होती, "पेला रिकामा धरून काय शिकतोस, भरून तरी घे!" माणसाला आयुष्यभर एक गोष्ट मिळाली नाही की तिची लांबीरुंदी वाढत जाते. त्याच्या मनातला मंचक दालनाएवढा झाला होता. आणि आज तो त्याच्यासाठी अंथरून ठेवला होता, थोरल्या भावाच्या मंचकाला लागून, उजव्या अंगाला.

ती बाहेर गेल्यावर तो न्हाणीघरात गेला आणि गरम पाण्यात मांडीपर्यंत उतरला. उजव्या मांडीवर जुनी खूण होती, गुडघ्याच्या वरपासून जांघेपर्यंत, दोरखंडासारखी पिळवटलेली. गरम पाण्यात ती पांढरी पडायची. ह्या खुणेमुळे तो जरा लंगडत चालायचा, आणि हेलिमात ही खूण म्हणजे त्याच्या नामुष्कीची मोहोर समजली जाई. न्हायला उतरताना तो तिच्यावर हात ठेवून उतरत असे, आतासुद्धा, एकटा असतानासुद्धा. तो सतराचा होता तेव्हा. आदल्या वर्षी दादाला त्याचं डुक्कर मिळालं होतं, एका फटक्यात, आणि वडिलांनी पंगतीत दादाच्या डोक्यावर स्वतःचा मुकुट क्षणभर ठेवला होता. दुसऱ्या वर्षी कोरागोसची पाळी. त्याची आई वडिलांची तिसरी बायको, पलीकडच्या डोंगरातली, इथल्या भाषेत अडखळणारी. तिच्या मुलाच्या शिकारीला सरदार निम्मेच आले होते आणि वडील अर्ध्यातून परत फिरले होते. सकाळी ओढ्याकाठी धुकं होतं. कुत्री एकाएकी गप्प झाली. मग समोरचं झुडूप फाटलं, आणि जे बाहेर आलं ते इतकं वेगात आलं की त्याला त्याचा आकार नीट कळलाच नाही. नुसता काळा, तोंडाला फेस आलेला, भुईतून थेट तळपायात येणारा धडधडाट. तो पळाला नाही. हे त्याने नंतर कितीदा तरी स्वतःला सांगितलं, मी पळालो नाही. भाला खांद्याच्या हाडावर बसला आणि घसरला, आणि मग तो आकाशाकडे बघत पडला होता आणि मांडीला काही गरम लागत होतं. डुक्कर निघून गेलं. जाळी वाहणाऱ्यांनी त्याला कांबळ्यात घालून आणलं. आईने एक शब्दही न बोलता जखम शिवली. त्यानंतर त्याच्या नावाची शिकार पुन्हा कोणी काढली नाही.

पाणी आता कोमट झालं होतं. त्याला एकदम दादाचा आवाज ऐकू आला, इतका जवळून की त्याने मान वळवली. राजा झाल्यावर एका रात्री दादा भरपूर पिऊन त्याच्या तिवईपाशी येऊन खाली बसला होता, राजा असून, भुईवर, आणि त्याच्या गुडघ्यावर डोकं टेकून म्हणाला होता, "कोरा, तुला वाटतं तितकं ते अवघड नसतं रे. फक्त मागच्या पायाकडे बघायचं नाही." कोरागोसला वाटलं होतं, शिकारीतली काही युक्ती सांगतो आहे, डुकराच्या सुळ्यांवर नजर ठेव, पायांकडे बघू नकोस. ती युक्ती त्याने मनात जपून ठेवली होती. आज सकाळी भाला पेलतानाही तीच आठवली होती. मागच्या पायाकडे बघायचं नाही! तो पाण्यात तसाच उभा राहिला. पाणी हलायचं थांबलं. दादाच्या आईचा भाऊ त्या वेळी शिकारखान्याचा मुख्य होता. प्रत्येकाला कोणी ना कोणी मामा होता, सासरा होता, शिकारखान्यातल्या माणसाला आदल्या दिवशी चार सांजोऱ्या आणि दारूचा एक बुधला पाठवणारं कोणीतरी होतं. आणि डोंगरातून आलेल्या, भाषेत अडखळणाऱ्या त्या बाईला दोराचं ठाऊकच नव्हतं. तिने कोणाला काही पाठवलं नव्हतं. म्हणून तिच्या मुलाचं डुक्कर मोकळं होतं.

माझं डुक्कर मोकळं होतं. तो हे मोठ्याने बोलला. न्हाणीघरात त्याचा आवाज घुमला आणि परत त्याच्याकडे आला. त्याला हसावं की रडावं कळेना. दोन्ही एकदमच आलं. इतकी वर्षं! इतकी वर्षं तो त्या तिवईवरून आडव्या पडलेल्यांकडे बघत आला होता आणि मनातल्या मनात त्यांच्यापुढे वाकत आला होता. तिवईवर बसलेल्याला आडव्या पडलेल्यांच्या टाळू दिसतात. कोणाला टक्कल पडायला लागलं आहे, कोणी केसांना काजळी लावली आहे, कोणाच्या कानात केसांचं रान माजलं आहे, हे त्याला त्यांच्या बायकांच्या आधी कळायचं. पडलेली माणसं वर बघत नाहीत, म्हणून ती त्याच्यादेखत काय वाटेल ते बोलायची, कोणाची जमीन कशी बळकवायची, कोणाच्या पेल्यात काय. आणि तो ऐकून गप्प राहायचा, कारण बसलेल्या माणसाच्या बोलण्याला पंगतीत किंमत नसते. त्या सरदारांत म्हातारा लिम्नाय होता. लिम्नायच्या डुकराची गोष्ट तर दर पंगतीला व्हायची आणि डुक्कर दर वर्षी वीतभर वाढायचं. गेल्या हिवाळ्यात ते बैलाएवढं झालं होतं. आणि ती गोष्ट ऐकताना कोरागोसच्या मांडीतली जुनी जखम ठणकायची. त्याने हात उचलला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने त्या खुणेवरचा हात काढला आणि तिच्याकडे नीट पाहिलं. चांगली लांबरुंद होती. त्याला संताप आला, स्वच्छ, कडक संताप, आणि त्या संतापात इतका आनंद मिसळलेला होता की त्याचे दात वाजायला लागले. मखातास म्हणतो दोर माझ्यापाशी आहे. असू दे. दोराचं एक टोक माझ्याही हातात आहे आणि मी ते ओढणार आहे, मग काय व्हायचं ते होवो. आई गं, तुला बोलता येत नव्हतं, मला येतं.

दालनाची पश्चिमेकडची दारं उघडी होती आणि तळ्यावरून येणारा तिरका उजेड मंचकांच्या पायांवर पडला होता. सगळे आडवे झाले होते. मधोमध निखाऱ्यांवर डुक्कर होतं, भाजून तकतकीत केलेलं, तीन पायांचं; चौथ्या पायाच्या जागी कोणीतरी तमालपत्रांची जुडी खोचली होती. कोरागोस आत आला तसा पेल्यांचा खणखणाट झाला. त्याची पावलं सवयीने खांबाकडे वळली, जिथे त्याची तिवई असायची, आणि तिथे काही नव्हतं. फरशीवर तीन फिकट ठिपके होते, तीन पाय घासून घासून पडलेले. "शोधताय काय, धाकले?" मखातास आपल्या मंचकावरून म्हणाला, आणि त्याच्या आवाजात खरोखरच कौतुक होतं. "ती तुमची तिवई मी भट्टीत घातली. तिच्याच जाळावर हे डुक्कर भाजलंय! म्हटलं, राजाची पीडा गेली पाहिजे एकदाची." दालन हसण्याने हललं. लिम्नाय हसता हसता खोकायला लागला. कोरागोसला वाटलं नव्हतं इतकं दुखलं. जुन्या लाकडाची एक तिवई, तिचा एक पाय आखूड होता, त्याखाली तो पिटलेल्या शिशाचा तुकडा घालायचा. बसता बसता तिच्यावर त्याच्या बुडाचा आकार उमटला होता. ती त्याला नको होती आणि ती त्याची होती.

तो लंगडत दालन ओलांडून गेला, थोरल्या भावाच्या रिकाम्या मंचकाशेजारी त्याच्यासाठी अंथरलेल्या मंचकापाशी, आणि त्यावर बसला. पाय जमिनीला टेकवून, पाठ ताठ, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, तिवईवर बसायचा तसाच बसला. सगळे वाट पाहत राहिले. कोणीतरी त्याच्या कोपरासाठी उशी पुढे केली. त्याने ती मांडीवर घेतली. "आडवे व्हा की, राजे!" एक जण ओरडला. "विसरला वाटतं कसं पडायचं ते!" दुसरा म्हणाला, "शिकवा रे त्यांना कोणी!" मंचक तिवईपेक्षा उंच होता. इथून त्यांच्या टाळू आणखी चांगल्या दिसत होत्या. त्याला भीती वाटत होती, आणि ती भीती त्याच्या ओळखीची होती. ओढ्याकाठी कुत्री गप्प झाली होती तेव्हाची. तो पळाला नाही. तो म्हणाला, "आज मी मारलेलं डुक्कर बांधलेलं होतं."

हसणं एकदम थांबलं नाही, एका बाजूने विझत गेलं. "मागच्या डाव्या पायाला दोराचा वळ होता," तो म्हणाला. त्याला वाटलं होतं आवाज कापेल, कापला नाही. "ही तमालपत्रं जिथे खोचलीत ना, तो पाय. दोर मखातासपाशी आहे, हवा असेल तर तो दाखवेल. तेव्हा मला पंगतीत आडवं पडायचा हक्क नाही आणि मी पडणार नाही. मी बसूनच जेवणार. आणि उद्या सकाळी माझ्या भावाची चिता मीच पेटवणार, कारण भाऊ माझा आहे आणि रक्तही माझंच आहे." गलका उठला. "रिवाज आहे!" कोणी तरी ओरडलं, "बसून जेवणाऱ्याने—" "आहे ना रिवाज," कोरागोस त्याच्यावर आवाज चढवून म्हणाला, आणि अंगरख्याचा काठ वर ओढून मांडी उघडी केली. उजेड नेमका तिच्यावर पडला. "हे माझं पहिलं डुक्कर. त्याच्या पायाला दोर नव्हता, कारण माझ्या आईला तुमच्या शिकारखान्यात कोणाला काय पाठवायचं असतं ते माहीत नव्हतं. ते मला मारता आलं नाही. मी पळालोही नाही. आता ज्याचं डुक्कर मोकळं होतं त्याने मला रिवाज सांगावा. पडल्या पडल्या सांगावा, त्याचा तो हक्क आहे. बाकीच्यांना माझ्याशी बोलायचं असेल तर उठून बसा आणि बोला."

डुकराची चरबी निखाऱ्यांवर ठिबकून चरचरत होती. कोरागोसने एकेक चेहरा पाहिला. ते आता त्याच्याकडे वर बघत होते, आणि पडलेल्या माणसाने वर बघायचं तर मान किती वाकडी करावी लागते हे त्याच्या पहिल्यांदाच लक्षात आलं. त्यांच्या डोळ्यांत राग होता, आणि रागाच्या मागे दुसरं काही तरी होतं, थकलेलं. जन्मभर पोट आत ओढून वावरलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर असतं तसं. त्याला अचानक त्यांची दया आली, आणि ती आलेली त्याला आवडली नाही. त्याने ती बाजूला सारली. मग डाव्या बाजूला मंचक करकरला. म्हातारा लिम्नाय, बैलाएवढ्या डुकराचा लिम्नाय, कण्हत कण्हत एक पाय खाली सोडत होता. दुसरा सोडला. पाठीला हात लावून तो सरळ बसला, आणि कोणाकडेही न बघता कुरकुरला, "पाठीला लागतंय मेलं हे. कधीपासून लागतंय." "मलाही," त्याच्या पलीकडचा म्हणाला आणि उठून बसला. मग कोणी कारण सांगायच्या भानगडीत पडलं नाही. एकामागून एक मंचक करकरत गेले. मोठमोठी, केसाळ, लढाया पाहिलेली पावलं फरशीवर टेकली गेली. काहींनी उशा मांडीवर घेतल्या, काहींना हातांचं काय करावं कळेना. काही जण बसल्या बसल्या एकमेकांकडे चोरून बघत होते, आणि कोणीतरी नाक ओढलं.

एकटा मखातास आडवा होता. त्याचं हसू अजून चेहऱ्यावर होतं, पण त्याखालचा चेहरा निघून गेला होता. त्याने कमरेच्या पट्ट्याशी हात नेला, बहुधा दोर तिथेच होता, आणि मग हात तिथेच राहिला. आता तो दोर कोणाला दाखवायचा? "नाटक पुरे झालं," तो म्हणाला. पण आवाज खालून आला, सगळ्यांच्या गुडघ्यांच्या पातळीवरून, आणि दोघातिघांना तो नीट ऐकूही गेला नाही. कोरागोसने त्याच्याकडे पाहिलं. मेंढपाळाच्या पोराला ह्या वाड्यात मामा नव्हता, सासरा नव्हता, शिकारखान्यात बुधला पाठवणारं कोणी नव्हतं. ह्या अख्ख्या दालनात जाळ्याशिवाय, दोराशिवाय, मोकळं डुक्कर समोरासमोर मारलेला तेवढा एकच माणूस होता.

"मखातास," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात आता खरंच आदर होता, "तुझं डुक्कर मोकळं होतं, ते मला माहीत आहे. तू खुशाल पडून राहा. आम्ही उद्याचं बोलून घेतो." मग त्याने समोरचं डुकराचं ताट सारून दिलं, तळ्यातल्या वामीची परात जवळ ओढली आणि काटे बाजूला काढत सावकाश जेवायला सुरुवात केली. लिम्नायने विचारलं, "चितेला लाकूड कुठलं? ओक की देवदार?" कोरागोस म्हणाला, "ओक." बसलेल्या माणसांच्या डोक्यांवरून बोलणं इकडून तिकडे जाऊ लागलं. मखातासने एकदा उठण्यासाठी कोपर टेकवला, अंग अर्धं उचललं, आणि आपण उठून बसलो तर आपलंही डुक्कर बांधलेलं होतं असाच ह्या दालनात त्याचा अर्थ होईल हे ध्यानात येताच तो पुन्हा होता तसा आडवा झाला.